टेप न लावणारे मास्तर

गल्लीतल्या शिंपीमास्तरांची ख्याती अशी, की ते गिऱ्हाइकाला टेप लावतच नाहीत. पुरुषांचे कपडे शिवणार, पण दारातून आलेल्या माणसाला फक्त एकदा आपादमस्तक न्याहाळणार आणि वहीत आकडे लिहिणार. शर्ट अंगावर असा बसायचा की लोक तोंडात बोटं घालायचे.

कसलं कौतुक घेऊन बसलात! ती शुद्ध भीती होती. शिकाऊ असताना एका तरण्या गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना मास्तरांच्या काळजात असं काही हललं, की टेप हातातून गळून पडला. त्या बिचाऱ्याला कळलंही नाही. पण विशीतल्या मास्तरांनी स्वतःच स्वतःचा निकाल लावून टाकला: आपले हात घाणेरडे आहेत. पुढची बत्तीस वर्षं त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला हात लावला नाही. लग्नाचा विषय निघाला की ते मशीन जोरात पळवायचे. गेल्या वर्षी दुकान दीड महिना बंद होतं. लोकांना पाठदुखी सांगितली. पाठ ठणठणीत होती, माणसाला सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं.

मग मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, भाऊजी, दुखण्यातून उठले. मुलीच्या लग्नासाठी त्यांना कोट हवा होता, पण लकव्याने डावा खांदा उतरलेला. मास्तरांचा अंदाज दोनदा साफ चुकला. तिसऱ्या खेपेला ताईने टेप त्यांच्या हातात कोंबला आणि स्वतः वही घेऊन बसली.

"लाव की. मी काय चावतोय तुला?" भाऊजी म्हणाले.

"माझे हात चांगले नाहीत, भाऊजी."

"काहीतरीच! याच हातांनी आईचं आठ महिने सगळं केलंस," ताई म्हणाली.

"तसं नाही गं ताई." मास्तरांनी टेप बोटाभोवती गुंडाळला. "मला पुरुष आवडतात. पहिल्यापासून."

ताईने पेनाचं टोपण काढलं.

"माहीत आहे रे. कधीपासून माहीत आहे. तू एकटाच कुढत बसलास, त्याचंच वाईट वाटतं. आता खांदा किती, ते सांग."

भाऊजींनी अधू हात कसाबसा उचलला. "लवकर आटप बाबा, फार वेळ धरवत नाही."

मास्तरांनी पुढे होऊन तो हात खालून आधाराला धरला आणि टेप लावला. पहिला आकडा त्यांनी नीट सांगितला. पुढचे मात्र हुंदक्यांत असे अडकले, की ताईला प्रत्येक आकडा दोनदा विचारून लिहावा लागला.