बिनआवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर

साताऱ्यात एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मी स्पीकरला कान लावून बसलो होतो, तेव्हा संपतच्या बायकोचा, शालनवहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले. सकाळीच... तुमी या." खरं सांगतो, मला आधी रागच आला. आत्ता कुठे संपतला हवा तसा अ‍ॅम्प्लिफायर सापडला होता, आणि हा गडी थांबला नाही.

संपत माझा फौजेतला दोस्त. निवृत्त होऊन सांगलीजवळ गावी ऊस करायचा. जतच्या एका बंद पडलेल्या तंबू टॉकीजवाल्याकडून त्यानं कपाटाएवढे दोन भोंग्याचे स्पीकर आणले. असे स्पीकर चिमूटभर ताकदीवर खणखणीत वाजतात, हे मी सांगून थकलो. पण नदीवरून पाणी लांब न्यायचं तर मोटर मोठी लागते, तोच न्याय त्यानं इथं लावला आणि मिरवणुकीतला दांडगा अ‍ॅम्प घेऊन आला. बटण जरा हललं की सगळी गल्ली ऐकणार. आणि गाणं थांबलं की भोंग्यातून सूंऽऽ... अ‍ॅम्पच्या पोटातली बारीकशी कुरकुरसुद्धा ते स्पीकर लपवत नव्हते.

"चुकलंच गड्या," म्हणाला, आणि तिथून त्याच्या जिवाला चैन नाही. माझ्याही नाही. एक स्पीकर जीपमध्ये टाकून आम्ही सांगली, सातारा पालथं घातलं. बैल घेताना चालवून बघतात, तसा संपत अ‍ॅम्प बघायचा. दुकानदार हौसेनं गाणं लावायला गेला की त्याचा हात धरायचा. "गाणं नगं. नुसता चालू करा." मग भोंग्यात डोकं घालून डोळे मिटायचा. मी चिडायचो, "अरे, असं डोकं घालून गाणी कोण ऐकतं?" "सूं हाय रं," एवढंच म्हणून उठायचा. लय छळलं त्यानं मला.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी मी साताऱ्यात सापडलेला तो लहान अ‍ॅम्प घेऊन त्याच्या गावी गेलो. संपतला शब्द दिला होता, तो पुरा केल्याशिवाय मला झोप लागेना. जोडला, चालू केला, भोंग्यात डोकं घातलं... काही नाही. मला भरून आलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"लावला का?"

"लावलाय की. ऐका, सूं गेली."

त्या येऊन भोंग्यापाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "भावजी, जुनाच लावा."

"अहो, पण संपतला..."

"त्यांना नको हुती, मला ठावं हाय. पर हे रोज सकाळी नुसतंच चालू करून बसायचे. मी सैपाकघरात. सूं ऐकू आली की वाटायचं, हैत घरात."

मी जुना अ‍ॅम्प पुन्हा जोडला. वहिनी आत चहा टाकायला गेल्या.

लहान अ‍ॅम्प आता साताऱ्यात माझ्या खोलीत एका साध्या स्पीकरला जोडलेला आहे. रोज चालू करतो, कान देतो. इतका शांत अ‍ॅम्प संपतनं कधी ऐकला नाही. मला मात्र त्याच्यासमोर बसवत नाही. बंद करतो... पुन्हा चालू करतो.