आठवा ठोका

लाँड्रीवाल्याचा डावा हात म्हणजे निव्वळ हमाल. उजव्या हातानं इस्त्री फिरवायची, डाव्यानं कापड ताणून धरायचं, संपलं. उभ्या हयातीत त्या हाताला दुसरं काही कुणी विचारलं नव्हतं. आणि ऐन म्हातारपणी त्याच हातात ड्रमची काडी आली, ती बायकोच्या हट्टामुळं.

बायको ड्रम शिकवायची. सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. पुढच्या खोलीत याची लाँड्री, मागच्या खोलीत तिचा ड्रमसेट. पुढं वाफ, मागं दणदणाट. "अहो, आवरा की बाईंना," असं गिऱ्हाईक म्हणालं, की हा शर्टाची कॉलर दाबत म्हणायचा, "माझी काय बिशाद!" खरं सांगायचं तर इतकी वर्षं संसार करून त्याला तिच्या वाजवण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जोरात वाजलं तर बाई चिडलेली, हळू वाजलं तर खुशीत, एवढंच त्याचं संगीत. मागच्या खोलीत तो जायचा तो चहाचा कप ठेवायला, आणि कप ठेवून लगेच परत फिरायचा.

मग तिला झटका आला. जीव वाचला, जीभ तर अशी शाबूत राहिली की दवाखान्यातल्या नर्सा तिला टरकून होत्या. पण डावी बाजू गेली. डावा हात मांडीवर ठेवला की तो तिथंच, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. शिकायला येणारी मुलं पांगली. ड्रमवर चादर पडली. बाई बोलेनाशी झाली. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा लाँड्रीवाल्याचं कामातलं लक्ष उडालं. ज्या माणसानं कधी एक बटण वितळवलं नाही, त्यानं गिऱ्हाइकाचे चांगले शर्ट जाळले.

एका दुपारी ती आतून ओरडली. "अहो, ती चादर काढा. आणि इथं दोन स्टुलं मांडा."

"दोन कशाला?"

"उजवा हात माझ्याकडं आहे. डावा तुमच्याकडं नुसता पडून आहे. आणा इकडं."

तर अशी ती जोडी बसली. उजवीकडं ती, पुढ्यात मोठी झांज आणि पायाखाली मोठ्या ड्रमचं पेडल. डावीकडं हा, पुढ्यात स्नेअर, तो तडतडणारा पसरट ड्रम. तिला एकच गोष्ट हवी होती. लेक पोटात असताना तिनं एक तुकडा बांधला होता, सातच्या ठेक्यातला. तो तिला पुन्हा एकदा, न तुटता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचा होता.

"मरायच्या आधी एकदाच," ती म्हणाली.

"अगं, मरायचं काय काढलंस!"

"बरं, नाही मरत. काडी धर."

हो, 'धर'. जन्मभर नवऱ्याला अहो-जाहो करणारी बाई. पण स्टुलावर बसला की तो तिचा विद्यार्थी, आणि विद्यार्थ्याला ती 'अरे'च म्हणायची. स्टुलावरून उठला की पुन्हा 'अहो, पाणी देता का.' त्यालाही त्यात गंमत वाटायची. कधीकधी तर तो नुसतं ते 'अरे' ऐकायला जाऊन बसायचा.

सुरुवात अगदी अ-आ-इ-ईपासून. रबराच्या गोल चकतीवर एकेक ठोका. "मुठीत आवळू नकोस, इस्त्री आहे का ती? सोड. सोडलीस तरच काडी परत वर येते." मग उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. उजवे सगळे तिचे, डावे सगळे याचे. याला पॅराडिडल म्हणतात, असं ती म्हणाली.

"हे नाव आहे की शिवी?"

"तू वाजवतोस तेव्हा शिवीच."

तो इस्त्रीच्या टेबलावर लाकडी चमच्यानं सराव करायला लागला. गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघायची: म्हाताऱ्याचं डोकं फिरलं वाटतं. फिरेना का! महिनोन्महिने रांगणारा तो हमाल हात हळूहळू चालायला लागला, आणि मास्तरीणबाई पुन्हा जेवायला लागली, भांडायला लागली.

घोडं अडलं ते सातवर. उजवा-डावा, उजवा-डावा, उजवा-डावा-डावा. झाले सात, लगेच पुन्हा पहिल्यापासून. पण याची सगळी जिंदगी घड्या घालण्यात गेलेली. टोकाला टोक जुळल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन नाही. सात ठोके म्हणजे एक टोक लोंबतं राहिलेलं. हात आपोआप आठवा ठोका मारायचा आणि सगळा डोलारा कोसळायचा. त्याची चूक आधी तिच्या भुवयांना कळायची. दोन्ही भुवया अशा जवळ यायच्या, आणि मग तोंड सुटायचं. "सात! हा आठवा कुणाचा, तुझ्या मामाचा?"

"मोजूनच मारला गं."

"तेच तर चुकतंय. मोजत काय बसतोस? माझ्याकडं कान दे. मी कुठं आहे ते ऐक, म्हणजे तू कुठं आहेस ते कळेल."

ऐकायचा तो. आणि ऐकता ऐकता त्याला वाईट वाटायचं. एवढी वर्षं भिंतीपलीकडं ही काहीतरी सांगत होती आणि आपण चहाचा कप ठेवून परत फिरत होतो. हे तो तिला बोलला नाही. बोलायला हवं होतं.

एका रविवारी लेक दुसऱ्या गावाहून आली होती. ती स्वयंपाकघरात होती. मास्तरीणबाई म्हणाली, "चल, तिला तिचा तुकडा ऐकवू." लेकीसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून लाँड्रीवाल्यानं डोळे गच्च मिटले आणि मनातल्या मनात मोजायला लागला. कान देणं बाजूलाच राहिलं. उजवा-डावा, उजवा-डावा, उजवा-डावा-डावा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. आठवा आला नाही. तुकडा वळला, चढला, उतरला, आणि शेवटचे दोन डावे ठोके त्यानं असे स्वच्छ मारले की त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

"झालं! अगं, झालं सगळं!" म्हणत त्यानं डोळे उघडले.

ती भिंतीला टेकली होती. काडी खाली फरशीवर पडली होती. झांज थांबून किती वेळ झाला होता देव जाणे. शेजारी बसून त्याला कळलं नव्हतं.

पुन्हा झटका, पुन्हा दवाखाना. या खेपेला उजवी बाजू गेली, आणि जीभही. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, ऐकू जातं की नाही सांगता येत नाही, बोलत राहा. लाँड्रीवाला काय बोलणार? "त्या दिवशी मी ऐकलं नाही गं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणायचा. शेवटी त्यानं डाव्या हाताचं बोट खाटेच्या दांड्यावर ठेवलं आणि आपले ठोके वाजवले. तिच्या ठोक्यांच्या जागा रिकाम्या सोडून. तिची बोटं हलली नाहीत. त्याला रडू फुटलं, आणि चुकून आठवा ठोका पडला.

तिच्या भुवया जवळ आल्या.

"अगं ये, लवकर ये!" त्यानं लेकीला हाक मारली. "बघ, आई ओरडली मला!" त्यानं पुन्हा आठवा मारला. पुन्हा भुवया. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्यानंतर तो रोज चुकायला जायचा. दुकानाला कुलूप. सकाळी खुर्चीत बसायचं, थोडा वेळ बरोबर वाजवायचं, तिला बरं वाटावं म्हणून. मग एक आठवा ठोका, भुवयांसाठी. नर्सांना वाटायचं, काय बाबा चाळा. पण त्याला तेवढ्यावर दिवस काढता येत होता. बायको रागावतेय म्हणजे घर जागेवर आहे, असं तो लेकीला सांगायचा.

मग एका सकाळी त्यानं आठवा मारला आणि भुवयांची वाट पाहिली. पुन्हा मारला. नववा मारला, दहावा मारला, काहीच्या काही वेडंवाकडं, दांडा खणखणेपर्यंत. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. लेक धावत आली आणि तिनं त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला.

"बाबा, पुरे. थांबा ना आता."

लाँड्रीवाल्यानं तिच्याकडं पाहिलं.

"अगं, मी चुकलो," तो म्हणाला. "एवढा चुकलो, आणि ती काही बोलली नाही."