तुझा कल कोणीकडे?

"बाळ, तुझा कल कोणीकडे आहे?" पुण्याच्या प्राध्यापकानं भर सभेत मला विचारलं.

मी उभा. बाकी सगळे बसलेले. मी म्हणलो, "हळ्ळीखेडच्या माळावर, सर. खाणीत."

सगळा हॉल हसायला लागला. कोटवाले, टोपीवाले, पोट धरून हसायलते. मला कळंना, ह्यात हसण्यासारखं काय हाय?

आमी वडार. दगड फोडणारे. घरात तेलुगू, गावात कन्नड, बाजारात दखनी, शाळेत मराठी. कन्नडात दगडाला कल्लु म्हणतात, अन् आमच्याकडं बोलताना त्याचं नुसतं कल्ल होतंय. मला वाटलं, हा माणूस विचारायलाय, दगड कोणीकडं हाय. त्याला पुसायचं व्हतं, माझ्या मनाची ओढ कशाकडं हाय. मग ओढ म्हण की! जीभ झडली असती का?

ही गोष्ट गुलबर्ग्याची. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले न्हाईत. इंजिनिअर कसा घडवावा, कुणाला घडवावा, त्याला कोणत्या कामाला लावावं, यावर परिसंवाद भरलेला. समदे संशोधक. संशोधन! एक म्हणला, इंजिनिअरनं चुन्यात हात घातला पायजे. दुसरा म्हणला, हात घातला तर मजूर त्याला भीत न्हाईत. दोघं तासभर भांडले. दोघांनीबी चुना पानाला लावण्यापुरताच पाहिलेला.

मला आमच्या प्रिन्सिपॉलनं नेलेलं. वडाराचं पोरगं इंजिनिअरिंग पास झालं म्हणून दाखवायला. प्रदर्शनात मोठा भोपळा ठेवतात ना, तसं. मी गेलो, कारण पहिल्या रांगेत तामिरातचे मोठे साहेब बसणार व्हते. तामिरात म्हंजे सरकारी बांधकाम खातं. माझ्या वर्गातली पोरं तिथं असिस्टंट इंजिनिअर म्हणून कवाच लागली. माझंच अडकलेलं. त्या साहेबाच्या एका शब्दावर.

हसणं थांबलं, तसा प्राध्यापकानं चष्मा पुसला. म्हणला, "पाहिलंत? माझ्या निबंधात मी हेच मांडलं आहे. याच्या रक्तातच दगड आहे. याला असिस्टंट इंजिनिअर करणं हा याच्यावरच अन्याय. खाणीवर ओव्हरसिअर करा. सुखात राहील."

टाळ्या पडल्या. माझ्यावर अन्याय होऊ नये म्हणून टाळ्या! काय कळवळा, वा रे वा. माझं कुठलं गणित चुकलं, कुठला नकाशा चुकला, कुणी इचारलं न्हाई. एक शब्द चुकला, तेवढ्यावर ह्यांचं संशोधन सिद्ध झालं.

"हात दाखव सगळ्यांना, घट्टे बघू देत," प्राध्यापक म्हणला.

माझा हात सवयीनं वर निघाला. शाळेत मास्तर लांबूनच छडी मारायचा, तवापासूनची सवय. अर्ध्यात आला अन् माझं डोकं भणाणलं. मी बैल हाय का, बाजारात दात दाखवायला? मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

तामिरातचा साहेब म्हणला, "क्यों मियाँ, ओव्हरसिअरी कबूल है?"

प्रिन्सिपॉल माझी बाही वढायलता. कानात पुटपुटायलता, "हौ बोल रे. हौ बोल दे."

"नक्को," मी म्हणलो. मोठ्यानं. मग मराठीत, प्राध्यापकाकडं बघून, "माझ्या वर्गातली पोरं ज्या परीक्षेला बसली त्याच परीक्षेला मी बसलो. त्यांचा कल कुणी इचारला? मला त्येच पद पायजे. खालचं घेणार न्हाई."

आता कुणी हसलं न्हाई. अध्यक्षानं घाईघाईनं चहा जाहीर केला. मी चहा न पिता भाईर पडलो.

घरी अप्पाला, माझ्या बापाला, सांगितलं. अप्पा उसळला. "कामून न्हाई म्हणलास? ओव्हरसिअर म्हंजे साहेबच की!"

"साहेब न्हाई, अप्पा. साहेबाच्या वतीनं तुमाला शिव्या देणारा."

अप्पानं हातातली छिन्नी खाली ठिवली. मग म्हणला, "मग आता खाशील काय?"

"तुमच्यासंगं दगड फोडीन."

"त्येच करायचं व्हतं तर शिकलास कामून?" अप्पा रडवेला झालता. मी घण उचलून खाणीकडं निघालो. त्याची समजूत काढायला बसलो असतो तर मीच ढिला पडलो असतो.

आता हप्ताभर खाणीत घण मारतो. सोमवारी धुतलेला सदरा घालून तामिरातच्या हापिसात जातो. साहेब भेटत न्हाई. शिपाई म्हणतो, "फिर आ गया?" मी म्हणतो, "हौ." दिवसभर दारात उभा राहतो. येणारा-जाणारा बघतो, नाक मुरडतो. मुरडू दे. त्यांना वाटतंय, एक दिवस हा थकंल अन् ओव्हरसिअरी घेईल. घेणार न्हाई. मी तिथं मेहरबानी मागायला जायलो न्हाई. माझी जागा ह्यांनी दाबून ठिवलीय, ती सोडवायला जायलोय. येत्या सोमवारीबी जाणार.