फवारणीचे कपडे

कपाशीवर फवारणी सुरू झाली तेव्हा बायकोला चौथा महिना होता. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्याइतका काळजीवाहू नवरा तेव्हा दुसरा नव्हता. हे अर्थात माझंच मत. मी तिचं वावरात येणं बंद केलं. गर्भार बाईनं औषधाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, एवढी अक्कल मला होती आणि पानठेल्यावर बसून मी ती इतरांनाही फुकट वाटायचो.

बाकीचा बंदोबस्त आईकडे होता. पपई बंद. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसणं बंद. ग्रहणात तर तिनं सुनेला खोलीत कोंडलं आणि विळी, सुई, कात्री सगळं माळ्यावर टाकलं. दाराशी पहाऱ्याला मी.

आणि रोज संध्याकाळी मी पाठीवरचा पंप उतरवायचो, औषधानं भिजलेले शर्ट-पँट न्हाणीत फेकायचो आणि चहा मागायचो. बायको खाली बसून हातानं ते कपडे घासायची. वासानं तिला ओकारी यायची. आई म्हणायची, "पोटुशीले ओकाऱ्या येतच असतात." मलाही ते पटायचं. दुकानदारानं दिलेला मास्क आणि हातमोजे प्लास्टिकसकट खुंटीवर होते, खराब होऊ नयेत म्हणून.

आठव्या महिन्यातच पोट चिरून पोरगी काढावी लागली. ती वाचली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अशी थट्टा करायला माझी जीभ वळली नसती. यवतमाळच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पिळलेल्या टॉवेलाएवढी होती ती. आईनं ग्रहणावर ठपका ठेवला, मावशीनं पपईवर. सगळ्यांना कारण पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईच तेवढ्या म्हणाल्या, "एका बाळाबद्दल नक्की काही सांगता येत नाही." मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "फवारणी करता?"

"करतो. पण तिले वावरात पायबी ठेवू देल्ला नाही म्या," मी छाती फुगवून म्हणालो.

"आणि फवारणीचे कपडे कोण धुतं?"

"थेच धुते. मंग, मी धुऊ का?"

बाईंचा पेन थांबला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की कपड्यांतलं औषध कातडीतून अंगात जातं आणि आईच्या अंगातलं बाळापर्यंत पोचू शकतं. यामुळेच झालं असं नाही, पण होऊ शकतं. मी त्यांच्या "नक्की सांगता येत नाही"ला घट्ट धरून बसलो. फार सोयीचं वाक्य होतं ते.

चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाली, "पोरीले उघड्या छातीशी धरायचं आहे. बापानं धरलं तरी चालते. पण आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या, भाऊ."

अंगावरच्या शर्टाशिवाय पिशवीत एकच शर्ट होता, मळलेला. सवयीनं मी तो बायकोपुढे धरला.

टाके ओले होते, तरी ती हात पुढे करून उठायला लागली. तेव्हा मला स्वतःची किळस आली.

शर्ट मी धुतला. पहिल्यांदाच धूत होतो, नीट पिळताही आला नाही. तो वाळायला संध्याकाळ झाली, आणि तोवर पोरगी पेटीतच राहिली.