दक्षिणेचा दोर जिंकला

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. सॅविओ लोबो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आंघोळीच्या टॉवेलाचा हत्ती करत होता. दोन्ही कडा आत गुंडाळायच्या, मधोमध दुमडून पाय उभे करायचे, छोट्या टॉवेलाची सोंड वर बसवायची. हे त्याला डोळे मिटूनही जमतं. नऊ वर्षांत त्याने असे हजारो हत्ती केले, आणि ते सगळे दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

सॅविओ एका मोठ्या प्रवासी जहाजावर लहान मुलांच्या विभागात नोकरी करतो. आईबाप वरच्या मजल्यांवर पोहतात, नाचतात, उन्हात झोपतात. तेवढा वेळ त्यांची मुलं सांभाळायची. नुसती सांभाळायची नाहीत, रमवायची. आठ महिने जहाज, मग दोन-अडीच महिने घर. जहाजावरची मुलं शेवटच्या दिवशी त्याच्या गळ्यात पडून रडतात. घरची मुलं तो निघताना शहाण्यासारखी हात हलवतात आणि आत जाऊन नाश्ता करतात.

घर मालवणजवळच्या एका वाडीत, वाळूपासून माडांच्या दोन रांगा सोडून. ते बायकोच्या, लविनाच्या वडिलांचं, कॉस्मेंचं. सॅविओ मूळचा याच जिल्ह्यातल्या नांदगावचा, महामार्गाच्या कडेला वाढलेला. समुद्राशी त्याची ओळख झाली ती थेट जहाजाच्या अकराव्या मजल्यावरून. म्हणजे या घरात तो एकदा जावई म्हणून पाहुणा आणि पुन्हा आठ महिन्यांनी येणारा बाप म्हणून पाहुणा. वाडग्यातला माशाचा मोठा तुकडा त्याला मिळत असे. पंख्याखालची खुर्ची त्याची. अकरा वर्षांचा क्लेटन आणि आठ वर्षांची एलिना त्याने काही दिलं की ‘थँक यू, पप्पा’ म्हणत, काही सांगितलं की ऐकत. तक्रारीला जागा नव्हती, आणि तीच त्याची तक्रार होती.

या खेपेला प्रश्न नेहमीपेक्षा मोठा होता. तारकर्लीतल्या एका हॉटेलाने त्याला बोलावलं होतं: पाहुण्यांच्या मुलांचे कार्यक्रम करायचे आणि रात्री घरी जेवायला यायचं. तिकडे मडगावच्या एजंटाला नव्या करारासाठी गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. सॅविओच्या मनात राहायचं होतं. त्याने लविनाला विचारलं, तर ती हायस्कुलाच्या सहामाहीचे पेपर तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही.

“माका कित्या इचारतंस? पोरांक इचार. तेंका बापूस होयो काय बोटीवरसून येणारा पार्सल होया, तां तेंकाच म्हायत.”

विचारायला सॅविओला भीती वाटत होती. मुलं ‘राहा’ म्हणाली असती, पण पाहुण्याला तसं म्हणतातच. म्हणून त्याने आधी स्वतःला लायक ठरवायचं ठरवलं आणि जी विद्या होती ती बाहेर काढली. दिवाळीची सुट्टी लागल्या दिवशी फ्रिजवर तक्ता चिकटला: ‘आजचा कार्यक्रम’. नऊ वाजता खजिन्याचा शोध. साडेदहाला पुठ्ठ्याची होडी. बाराला ‘आपली भाकरी आपण’. चारला चादरीचा तंबू आणि त्यात टॉर्चने सावल्यांचं नाटक. संध्याकाळी प्रत्येकाने दिवसाला तारे द्यायचे, एक ते पाच.

कल्पना वाईट नव्हत्या. खजिन्याच्या शोधात घरातले चार हरवलेले चमचे सापडले. भाकऱ्यांचे आकार गोव्यापासून गुजरातपर्यंत सगळ्या किनाऱ्यासारखे झाले तरी भाजल्या गेल्या. शेजारची मुलं तर कुंपणावरून उड्या टाकून यायची. तिसऱ्या दिवशी तंबूत नऊ मुलं होती आणि त्यातली दोनच त्याची. ती दोघं कोपऱ्यात बसून जांभया देत. संध्याकाळी मात्र पाचच्या पाच तारे. एलिना तर विचारायच्या आधीच द्यायची.

तारे न देणारे एकटे कॉस्मे. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस; कापडाचं कशासाठी काय करावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती. पहिल्या दिवशी न्हाणीघराच्या दारातून त्यांनी हाक मारली होती:

“सॅविओ, माका आंग पुसूक हत्ती नको. टॉवेल होयो.”

तर त्या बुधवारी सकाळी सोंड बसवत असताना मागच्या दाराची कडी वाजली. सॅविओने खिडकीतून पाहिलं. क्लेटन आणि एलिना, हातात प्लास्टिकची बादली, माडांतून वाळूकडे चालली होती. चोरून जाण्याचा आव नव्हता. कामावर निघालेल्या माणसांसारखी चालत होती.

“खंय चल्ली ही?” त्याने कॉस्मेंना विचारलं. ते पडवीत चहा पीत होते.

“रापणीर. रोज जातत. तुका सांगूक नाय?”

“नाय.”

“तू इचारूक नसशीत,” कॉस्मे म्हणाले. “तुझ्या तक्त्यार नऊच्या आधीचा काय नाय.”

जांभयांचा उलगडा झाला. सॅविओने सवयीने गळ्यात शिट्टी अडकवली आणि उजाडल्यावर तोही निघाला.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी एक दोर किनाऱ्यावर सोडून समुद्रात जाते, अर्धवर्तुळात जाळं टाकते आणि दुसरा दोर दूरवर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग एक टोळी उत्तरेचा दोर ओढते, दुसरी दक्षिणेचा, आणि जाळ्याची मधली पोटली हळूहळू जमिनीकडे येते. जो दोराला हात लावेल त्याला माशांचा वाटा, मग तो कोणीही असो. इथली पद्धत अशीच आहे.

क्लेटन दक्षिणेच्या दोराच्या अगदी शेवटी होता. पुढचे ओढत आणत त्या ओल्या दोराचं तो वाळूत वेटोळं घालत होता, थराला थर लावून, कपाळावर आठी आणून. त्याचा बाप जहाजावर अशा गंभीर मुलाला चेहरा रंगवायच्या टेबलावर पाठवतो. एलिना बादली घेऊन बायकांमध्ये उभी होती आणि शेजारच्या कावेरी काकीशी काहीतरी वाद घालत होती. बहुतेक माशांवरून. बापाशी तिने इतक्या दिवसांत कसलाच वाद घातला नव्हता.

“ही तुमची रोज येतत,” कावेरी म्हणाली. “क्लेटन दोन वर्सा वेटोळां घालता. मोठ्यांका सुद्धा तसा जमणा नाय.”

सॅविओला काय वाटलं ते त्याने नंतर लविनाला सांगितलं: आपल्या मुलांना आपण सोडून सगळे ओळखतात. पण त्या क्षणी त्याने जे केलं ते त्याच्या धंद्याला धरून होतं. शेजारच्या होमस्टेमधून दहा-बारा पर्यटक मोबाइल घेऊन आले होते आणि दक्षिणेच्या दोराला हौसेने हात लावून उभे होते. कोणी ओढत होतं, कोणी फोटो काढत होतं. सॅविओला असे विस्कळीत लोक बघवत नाहीत. तो त्यांच्या पुढे गेला, दोर धरला आणि म्हणाला, “ओके टीम! ती तिकडची लाल टीम, आपण निळी टीम. बघू कोण आधी आणतं.”

शिट्टी वाजली. पर्यटकांना सुट्टीत कोणीतरी काय करायचं ते सांगावं अशी मनातून इच्छा असतेच. ते ओढायला लागले. “वन, टू, थ्री, पुल!” बायका टाळ्या वाजवू लागल्या, मुलं किंचाळू लागली. दोरावरचे वाडीतले चार गडी आधी चकित झाले, मग त्या झोकात त्यांचेही पाय मागे सरकू लागले. दोर सरसर वाळूत येऊ लागला. क्लेटनचं वेटोळं कोसळलं.

“पप्पा, सवकास!” तो ओरडला. “थयली बाजू मागे रवली!”

सॅविओने ऐकलं नाही. ऐकू येण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. होडीत उभे असलेले भाई, म्हणजे या रापणीचे म्होरके, दोन्ही हात खाली दाबून काहीतरी खूण करत होते. सॅविओला ती शाबासकी वाटली. त्याने अंगठा दाखवला.

दोन्ही दोर एकाच चालीने आले तरच जाळं सरळ येतं. एक बाजू पुढे धावली की ते तिरकं होतं, तळाचा काठ वाळूवरून उचलला जातो आणि खाली वाट मोकळी होते. त्या दिवशी ती झाली. पाण्यात एक चंदेरी पट्टा चमकला, दक्षिणेकडे वळला, आणि मग समुद्र पुन्हा एका रंगाचा झाला.

दक्षिणेचा दोर चांगल्या वीस पावलांनी जिंकला. पर्यटकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या आणि फोटो काढला, त्यात मधोमध सॅविओ.

पोटलीत आले ते तीन टोपल्या पेडवे, म्हणजे हलके लहान मासे, आणि थोडी बारीक कोळंबी. त्या मोसमात दहा-बारा टोपल्या नेहमीच्या. भाई ओल्या कपड्यांनी वर आले. ते ओरडले नाहीत.

“जावयांनू, तुमची बाजू जिकली,” ते म्हणाले.

सॅविओने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

“बांगडेय जिकले. ते आता वेंगुर्ल्याक पोचतले.”

कोणी हसलं नाही, फक्त कावेरीने तोंड फिरवून हसू पदरात दाबलं. मग वाटे पडले. पर्यटकांना एकेक मूठ, गड्यांना त्यांच्या पद्धतीने, आणि सॅविओपुढे भाईंनी चार पेडवे धरले.

“नको, भाई. माका नको.”

“दोराक हात लावलास मां? मगे घेवक होयो.”

त्याने घेतले. चार पेडवे दोन्ही हातांत धरून, ओंजळीत, कारण बादली एलिनाकडे होती आणि ती पुढे निघून गेली होती.

माडांपाशी क्लेटन वळला.

“तुका कोणी सांगलल्यान शिटी मारूक?”

“क्लेटन, माका वाटला...”

“ती काय तुझी बोट आसा? ह्या वर्सा भाई माका दोराक लावतलो होतो. दोन वर्सा मी वेटोळां घालतंय. आता कोण लावतलो?” त्याचा आवाज फाटला. “तुझा हत्ती, तुझो तंबू, सगळा आमी केला. कंटाळो इलो तरी केला. आमचा म्हणून एक होता.”

“आणि ते तारे,” एलिना म्हणाली, “मी उगाच दितंय होतंय.”

इतकं एकदम त्या मुलांनी त्याला पूर्वी कधी ऐकवलं नव्हतं. सॅविओच्या नऊ वर्षांच्या नोकरीत रागावलेल्या मुलासाठी एकच सूचना होती: त्याला त्याच्या पालकांकडे सोपवावं. इथे सोपवायला दुसरं कोणी नव्हतं. “चूक झाली,” तो म्हणाला, आणि पुढे काही जोडलं नाही.

घरी बातमी आधीच पोचली होती. लविनाने पेडवे घेतले, धुतले, खवले काढले आणि विचारलं, “जिकलंस म्हणे?”

कॉस्मेंनी पेपरामागून पुस्ती जोडली. “चार पेडव्यांनी.”

नाश्ता लांबला. नऊ वाजले, खजिन्याचा शोध सुरू झाला नाही. दहाच्या सुमारास कावेरी कुंपणापाशी आली आणि आत न येता सांगितलं:

“सॅविओ, भाईन निरोप दिल्यान. उद्या येवक सांगल्यान तुका.”

“माका? परत?”

“वेटोळां घालूक. भाई म्हणता, थय बसलो काय शिटी मारूक हात मोकळे रवणत नाय.”

क्लेटनने ताटातून मान वर केली. “आणि मी?”

“तू दोरार. वेटोळ्यार दोघा कित्याक होयी?”

कावेरी गेली. क्लेटन बराच वेळ बोटाने टेबलावर काहीतरी गिरवत होता. सॅविओला वाटलं, विचारायचं तर आत्ताच. आत्ता निदान कोणी त्याला पाहुणा समजत नव्हतं.

“उद्या एजंटाक उत्तर देवचा आसा,” तो म्हणाला. “मी जाव काय रव?”

पेपर तपासत बसलेल्या लविनाचं पेन थांबलं.

क्लेटनने पुरता विचार केला. “मे म्हयन्यापर्यंत रापण चलता,” तो म्हणाला. “तू गेलंस तर वेटोळां परत माझ्याच गळ्यात. भाई दुसऱ्या कोणाक बसवणार नाय.”

“म्हणजे रव?”

“रव. पण तुका धड येवक होया. दोर ओलो आसताना घट्ट घालूचो नाय, सुकल्यार गाठ बसता. दुपारी दाखयतंय.”

एलिनाने तिचं मत वेगळं मांडलं. तक्ता फ्रिजवरून काढला तर चालेल, पण सावल्यांचं नाटक रविवारी ठेवावं, कारण कावेरी काकीने ते अजून पाहिलेलं नाही.

दुपारी अंगणात जुना सुंभाचा दोर पसरला. क्लेटनने सॅविओचं पहिलं वेटोळं न बोलता सोडवलं. दुसरंही सोडवलं. तिसऱ्याला म्हणाला, “बरा जमता,” आणि तेही सोडवलं, कारण डावीकडून घातलं होतं. कॉस्मे पडवीतून बघत होते. जावयाला इतका वेळ एकाच कामावर बसलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असं ते लविनाला म्हणाले, आणि तो ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाले.

गुरुवारची वाट न बघता सॅविओने संध्याकाळीच मडगावला फोन लावला. एजंटाने कारण विचारलं. सॅविओ म्हणाला, इथे काम मिळालंय. कसलं काम? त्याने आधी हॉटेलाचं सांगितलं, ते एजंटाला पटलं. मग सकाळच्या कामाचंही सांगितलं: दोर गुंडाळायचं. एजंट हसला, त्याला ही थट्टा वाटली, आणि मन बदललं तर शुक्रवारपर्यंत कळव म्हणाला. सॅविओने बदलणार नाही असं सांगून फोन ठेवला.

हॉटेलाचं काम सोमवारपासून, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. रापणीची होडी उद्या, गुरुवारी, सहा वाजता पाण्यात जाईल. दक्षिणेच्या दोरावर क्लेटन लोबो पाचवा उभा राहील आणि सगळ्यात शेवटी, वेटोळ्याशी, त्याचा बाप बसेल.