नकाशात नसलेलं छप्पर

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका महापालिकेत इमारतींचे नकाशे तपासायचे. निवृत्त झाले, तरी सदाशिव पेठेतून चालताना मान वर करून पुटपुटतात, "ही गॅलरी नकाशात नव्हती."

परवा जुन्या बाजारात मिळालेली बशी घेऊन मी धावतच त्यांच्याकडे गेले. फार पूर्वी चिनी कारागिराने परदेशी गिऱ्हाइकांसाठी रंगवलेली, मधोमध निळ्या रंगात युरोपातला टोलेजंग बंगला.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "जिना दारापर्यंत पोचत नाही. खिडक्या एका रेषेत नाहीत. नामंजूर."

मग त्यांचं बोट छपरावर थांबलं. छपराची टोकं चिनी देवळासारखी वर वळली होती. काका खुर्चीतून उठलेच.

"अगं, याने हा बंगला कधी पाहिलेलाच नाही! कुणीतरी दिलेल्या चित्रावरून काढत गेला, आणि छपराशी आल्यावर हाताने आपल्या गावचं छप्पर काढलं."

मलाही आता दुसरं काही दिसेना. "म्हणजे हे मूळ नकाशात नव्हतं?"

"नव्हतंच. सरळसरळ अनधिकृत." काकांनी बशी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "पण हे पाडायचं नाही."