कढई न चढवता पार्टी

माझे वडील, अण्णा, गेल्यापासून माय जेवायला बसली नव्हती. उपास वगैरे काही नव्हता. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पोळीचा तुकडा मोडायची, वर पाणी प्यायची, झालं जेवण. उभा जन्म तिचा असाच गेलेला: अण्णांनी हात धुतले की मगच तिनं स्वतःचं ताट घ्यायचं. आता ते हात धुणारं माणूसच नव्हतं, म्हणून तिची पाळीच येत नव्हती. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टर म्हणाले, खाऊ घाला, नाहीतर भरती करावं लागेल. जसं काही आम्ही डबे कुलपात ठेवले होते.

मला तर रडूही येत नव्हतं. लोक भेटायला यायचे, दोन शब्द बोलायचे, मी म्हणायचो चहा घ्या. ते घ्यायचे. मीही घ्यायचो. साखर आहे की नाही, कळायचं नाही.

अशात माझी पोरगी दहावी पास झाली आणि मैत्रिणींना जेवायला बोलवायचं म्हणाली. मायनं नाही म्हटलं नाही. एवढंच बजावलं, "बोलव की. पर वरीस झाल्याबिगर घरात कढई चढायची न्हाई."

म्हणजे पुऱ्या नाहीत, भजी नाहीत, साधा पापडसुद्धा तळायचा नाही. बायको दवाखान्यात ड्युटीवर. पोरीनं मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक गोरी बाई टर्की नावाच्या पक्ष्याचं थंड मांस पातळ पोळीत गुंडाळत होती. हिंगोलीत टर्की कुठून आणायचा? मी कोंबडी आणली.

सकाळी ती मीठ-हळद घालून शिजवली. हळद जरा जास्तच पडली; आमच्याकडं ती कमी कधी पडते? निवल्यावर हाडं काढून मांस बारीक सोडवलं. रात्री फडक्यात टांगलेलं घट्ट दही, कांदा, काकडी, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून कालवलं. माय पोळ्या लाटत होती. तव्यावरून पोळी उतरली की मी लगेच भरायला घेत होतो. पहिले दोन रोल हातातच फाटले, दह्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"बाबा, निवू द्या की आधी," पोरगी म्हणाली.

पोळी निवेपर्यंत थांबायचं असतं हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. अण्णांच्या ताटात वाफ नसलेली पोळी कधी पडली नाही.

दुपारी पोरी सतरंजीवर बसल्या. मध्ये परात, परातीत रोल. मीही बसलो. बघतो तर मायनं गॅसवर पुन्हा तवा ठेवलेला.

"काहून तवा ठेवला, माय?"

"गरम करून देते. पाव्हण्यायला थंड घालतेत का?"

"आजी, हे थंडच खायचं असतंय," पोरगी म्हणाली.

"मंग वाढायचं काय?"

"काहीच नाही. ज्यानं त्यानं उचलून घ्यायचं."

माय हातात उलथणं धरून उभी राहिली. एकदा परातीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं.

"मंग मी काय करू?"

पोरगी नुसती बाजूला सरकली. मायनं गॅस बंद केला, पदर सावरला आणि सतरंजीच्या काठावर पाहुणीसारखी बसली. एक रोल उचलला. हळूहळू सगळा खाल्ला. मी बघतोय हे तिला कळू नये म्हणून खाली मान घालून काकडी चावत राहिलो. तिनं दुसरा उचलला.

"थंड चाललं का, माय?" मी विचारलं.

"थंडाचं काय नवल? लगीन झाल्यापसून थंडच खात आले," ती म्हणाली. "सगळ्यायसंगं बसून आज पहिल्यांदा खाऊन राहिले."

पोरी हसल्या. मायही हसली. माझा घास तोंडातच राहिला. इतके महिने न आलेलं रडू तिथं, त्या पोरींसमोर आलं, आणि ते अण्णांसाठी नव्हतं.